ओढायचा राहिलेला हात

सात-आठ हा दोघांचाच खेळ. तिसरा आला तर पाच-तीन-दोन लावायचं, चौथा आला तर मेंढीकोट. आमच्या आरोग्य केंद्रात दुपारी दोघंच उरायचो, मी आणि बजरंग. मी औषध निर्माता, म्हणजे लोकांच्या भाषेत कंपाउंडर. बजरंग अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. शिरूर कासारपासून चौदा किलोमीटर आत आमचं केंद्र. दोनपर्यंत ओपीडी संपायची, डॉक्टर आणि सिस्टर जेवायला जायचे, आणि व्हरांड्यातल्या लोखंडी बाकावर आमचा डाव पडायचा. पत्ते माझ्या खिडकीत, ओआरएसच्या रिकाम्या खोक्यात.

नियम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. छक्क्यांपर्यंतची पानं आणि दोन सत्त्या काढून टाकायच्या, तीस पानं ठेवायची. दोघांना पंधरा-पंधरा. हुकूम बोलणाऱ्यानं आठ हात करायचे, दुसऱ्यानं सात. ज्याचे हात ठरल्यापेक्षा जास्त होतील, त्याला पुढच्या डावात तेवढी पानं समोरच्याकडून ओढायचा हक्क. ओढायची न बघता, आणि बदल्यात आपल्याकडचं नको असलेलं पान द्यायचं. त्याचा एक्का घ्यायचा, त्याच्या हातात अठ्ठी टेकवायची आणि त्याचं तोंड बघायचं. एक डाव दहा मिनिटांत आटोपतो. पण आटोपला तरी कुणाचा ना कुणाचा हात ओढायचा राहिलेला असतोच, म्हणून "आता बास" असं म्हणवत नाही.

मी व्यसनी माणूस नाही. सुपारीसुद्धा खात नाही. तीस वर्षं नोकरी केली, एका बाटलीची मुदत कधी उलटू दिली नाही. व्हरांड्यातलं घड्याळ दर सोमवारी मोबाइलशी जुळवून लावणारा माणूस मीच. हे बढाई म्हणून सांगत नाही. असल्या माणसाच्या हातून काय होऊ शकतं, ते सांगायचंय.

तो बुधवार होता, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातला. डॉक्टर मीटिंगसाठी बीडला गेले होते, रोहिणी सिस्टर लसीकरणाला वस्तीवर. औषधांच्या फ्रिजची चावी माझ्या कमरेला होती. मी घड्याळ पाहिलं तेव्हा तीन पंचवीस झाले होते. पाहिलं, कारण बजरंग म्हणाला होता, "साडेतीनला च्या मारू, साहेब."

तेवढ्यात पायरीवर, व्हरांड्याच्या खांबाला हात लावून एक बाई उभी राहिली. मी तिला ओळखलं. बायडाबाई. नवरा सटवा, मेंढरं राखणारा. दर बुधवारी दोघं त्याच्या बीपीच्या गोळ्या न्यायला यायचे. मी पानांवरची नजर न काढता तिला पंजा दाखवला. थांबा.

ती थांबली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "दादा, मालक भाईर हायेत."

"असू द्या. पाचच मिनिटं."

तो डाव संपला. बजरंगचा एक हात जास्तीचा झाला होता, म्हणून त्यानं पुढच्या डावात माझं एक पान ओढलं. नेमका माझा हुकमाचा राजा गेला. तो खो खो हसला, आणि मी हट्टाला पेटलो. त्याच डावात मी दोन हात जास्तीचे केले. ते ओढल्याशिवाय कसं उठायचं? ओढले. मग आणखी एक डाव. चहा राहून गेला. खांबापाशी ती उभी आहे हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

चार पाचला मी पाणी प्यायला उठलो. ती खांबाच्या बुडाशी बसली होती, पदराचा बोळा तोंडात धरून. मी विचारलं, "काय झालंय?" तिनं स्वतःच्या नडगीवर दोन बोटं ठेवली आणि फाटकाकडं पाहिलं.

फाटकाबाहेर बाभळीखाली सटवा पडला होता. एका टेम्पोवाल्यानं त्यांना उतरवलं होतं आणि तो निघून गेला होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झाला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. घोणस. मी बायडाबाईवर ओरडलो. होय, मीच ओरडलो. "बोलता येत नव्हतं का? कावून उभ्या राहिल्या मुक्यासारख्या?"

"त्याचं नाव घेतलं की इख चढतंय म्हणत्यात," ती म्हणाली. "आन तुमी थांबा म्हणले."

फ्रिज उघडून सापाच्या विषावरची लस काढली, सिस्टरला फोन लावला, ती सांगेल तसं सगळं केलं. बजरंगनं गाडी पळवली. बीडच्या अलीकडंच सटवा गेला. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर सहज म्हणून सांगितलं, "अर्धा तास आधी लस मिळाली असती, तर माणूस वाचला असता."

त्या संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं. रुग्ण आल्याची वेळ : ४.०५. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं.

सटवाला तीनच्या सुमाराला साप चावला हे सगळ्यांना ठाऊक होतं. वस्ती केंद्रापासून तीन किलोमीटरवर. मग चारपर्यंतचा वेळ गेला कुठं? लोकांनी आपसांत उत्तर काढलं. बायडाबाईनं नवऱ्याला आधी देवऋषीकडं नेलं असणार. ती सांगत होती की मी लवकर गेलते, तिथं उभी होते. पण तिला घड्याळ कळत नव्हतं, आणि रजिस्टरात चार पाच लिहिलेलं होतं. तिचा मुलगा सोमेश्वर तेव्हा गोदाकाठाला मेंढरं घेऊन गेला होता. तो परत आला, त्यानं ते ऐकलं, आणि आईच्या हातचं पाणी प्यायचं सोडलं. "एकाच घरात राहतो, पण रांजणातून स्वतः घेतो," रोहिणी सिस्टर मला म्हणाली. "म्हातारी बिचारी तांब्या भरून पुढं ठेवते, आणि तो तसाच राहतो."

मी काय करायचं होतं? एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. निवृत्तीला चार महिने होते.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. त्या गेल्या की आमच्याकडची गावं रिकामी होतात आणि ओपीडीही. दुपारी झाडावरचे होलेसुद्धा कंटाळून गप्प बसतात. महिनाभर आम्ही पत्त्यांना हात लावला नव्हता. एके दिवशी बजरंगच म्हणाला, "साहेब, एक डाव. किती दिस तोंडाकडं बघत बसायचं?"

मी पिसले, त्यानं काटले, मी वाटले. पंधरा त्याला, पंधरा मला. आणि माझ्या हातात एक पान उरलं.

"सत्ती काढायची राहिली असंल," बजरंग म्हणाला.

पानं उताणी करून मोजली. तीस. सत्त्या दोनच, असायला हव्यात त्याच. पुन्हा वाटली. पंधरा, पंधरा, आणि एक उरलं. मग त्यानं वाटली, तरी उरलं. मोजली की तीस, वाटली की एकतीस.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. दोन पानं चिकटली असतील, बोटं घामेजली असतील. शनिवारच्या बाजारातून मी नवा कॅट आणला, पावडर लावून एक-एक पान सुटं केलं. वाटलं. एक उरलं. बजरंगनं ते उचलून बाकाच्या कडेला, खांबाच्या बाजूला पालथं ठेवलं. "राहू द्या. खेळू आपुन," तो म्हणाला.

खेळलो. डाव संपला तेव्हा माझे हात सात झाले होते, बजरंगचेही सात.

सात आणि सात चौदा. हात पंधरा व्हायला पाहिजेत. दोघांच्याही हातात पान नव्हतं. बाकावरचं पालथं पानही नव्हतं. मी वाकून बाकाखाली पाहिलं, मग खांबाकडं. खांबाच्या बुडाशी दोन पानं एकावर एक पालथी ठेवलेली होती. हात केला की आपण बाजूला सारून ठेवतो, तशीच.

बजरंगनं त्या पानांकडं बोट केलं. "त्यानं हात केला," तो म्हणाला.

"कुणी?"

त्यानं बाकावरची पानं गोळा केली. "आपल्या दोघांचं सात-आठ ठरलेलं हाय. त्याचं काय बी ठरलेलं न्हाई. म्हंजी त्याचा एक हात जास्तीचाच झाला की."

"बजरंग, उगाच काहीतरी बोलू नको."

"आता त्याचं ओढायचं राहिलं, साहेब."

पत्ते मी त्याच दिवशी केंद्रामागच्या खड्ड्यात जाळले, जिथं आम्ही वापरलेल्या सुया आणि कापूस जाळतो. माणसानं पत्ते जाळले की डाव मोडला, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बजरंग एका बाळंतपणाच्या बाईला घेऊन बीडला निघाला. बाई सुखरूप, बाळही सुखरूप, नशीब. पण परत आला तो गाडीतून उतरेना. स्टिअरिंग धरून बसून राहिला. म्हणाला, पुलावर होतो तेव्हा गाडीतल्या घड्याळात तीन पंचवीस. पूल उतरलो तेव्हा चार पाच. मधलं काही नाही. गाडी थांबवली नाही, चक्कर आली नाही. बाईच्या सासूला विचारलं, तर ती म्हणाली गाडी थांबली कुठं, चालतच होती की.

"डुलकी लागली असेल."

"डुलकीत चाळीस मिनिटं गाडी चालती का? पूल केवढा, साहेब?"

तिसऱ्या दिवशी त्यानं चावी आणून माझ्या खिडकीत ठेवली. ऊसतोडीच्या एका टोळीवर ट्रॅक्टर चालवायला जातो म्हणाला. जाताना फाटकापाशी थांबला. "एक बोलू? पत्ते दोघांनी खेळले. रजिस्टर तुमी लिवलं."

त्यानंतर माझं सुरू झालं.

मी गोळ्यांची पाकिटं लावत असायचो, घड्याळात तीन पंचवीस. पुढचं पाकीट उचलायचो तेव्हा चार पाच. पहिल्यांदा वाटलं घड्याळ बिघडलं. मोबाइल पाहिला, तोही तेच सांगत होता. रोज नाही, पण दर बुधवारी नक्की, आणि मग मधल्या वारीही. मी बीपी मोजलं, साखर तपासली. बीडला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठीक. डॉक्टर हसून म्हणाले, निवृत्तीचा ताण असतो काका.

एका बुधवारी चार पाचला भान आलं, तर माझे तळपाय भाजत होते. मी अनवाणी होतो. चपला खिडकीखाली राहिल्या होत्या. रोहिणी सिस्टर व्हरांड्यात उभी राहून माझ्याकडं पाहत होती, चेहरा उतरलेला.

"तुम्हाला काय झालंय?" ती म्हणाली. "किती हाका मारल्या. पाऊण तास त्या खांबाला हात लावून उन्हात उभे आहात. पुढं या म्हटलं, तर नुसतं बाकाकडं बघत होतात."

बाकावर कुणीही नव्हतं.

त्या रात्री मी ठरवलं, सांगून टाकायचं. भीतीनं ठरवलं की पश्चात्तापानं, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असतील. पण एक गोष्ट मी हुशारीनं केली, तीन पंचवीसच्या आत सांगायचं असं ठरवलं. बोलायच्या वेळेलाच वेळ गेला तर काय, म्हणून.

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी बायडाबाईच्या वस्तीवर गेलो. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, शेजारी मेंढरं कोंडायचा बाभळीच्या काट्यांचा वाडगा, कोकरांचं ओरडणं. बायडाबाई दारात ज्वारी पाखडत होती. सोमेश्वर खाटेवर बसून दोर वळत होता. उंच, बापासारखाच रुंद खांद्यांचा. दोघांच्या मध्ये पाण्यानं भरलेला तांब्या होता.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. बायडाबाई तीन पंचवीसला आल्या होत्या. मी पत्ते खेळत होतो. मी त्यांना थांबवलं. चार डाव झाले. चार पाच ही वेळ मी खोटी लिहिली. त्यांनी वाटेत एक मिनिटही घालवलं नव्हतं. घालवलं ते मी. बोलता बोलता माझा आवाज फुटला आणि मी लहान पोरासारखा रडलो, हेही सांगतो. पण शेवटपर्यंत सांगितलं, आणि सांगितलेलं मला सगळं आठवतं.

सोमेश्वर उठला. मला वाटलं, मारतोय. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो माझ्या अंगावर आला नाही. तो आईसमोर खाली बसला, तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायला. पाणी त्याच्या गळ्यावरून सदऱ्यात जात होतं. रिकामा तांब्या त्यानं तिच्या पायाशी ठेवला आणि तिथंच डोकं टेकलं.

बायडाबाईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग मला म्हणाली, "मला म्हाईतच हुतं की, दादा. मला कशाला सांगता? त्याला सांगायचं हुतं, ते सांगितलं. लई बरं झालं."

शिव्या नाहीत, तळतळाट नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. किती महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला. तिच्यासमोर हात जोडले आणि निघालो.

"दादा," ती म्हणाली, "किती वाजले?"

मी मोबाइल पाहिला. "तीन वीस."

तिनं सूप बाजूला ठेवलं. सोमेश्वरला म्हणाली, "जा, मेंढरं वळवून आण." तो निमूट गेला. मग ती आत गेली, काळी घोंगडी आणली, झटकली आणि दाराशी अंथरली. एका ताटात भाकरी आणि लसणाची चटणी आणली, ताट घोंगडीपुढं ठेवलं. केसांवर पाण्याचा हात फिरवला, पदर नीट घेतला.

"बसा," ती म्हणाली. माझ्याकडं पाहत नव्हती. माझ्या जरा मागं, खांद्यापलीकडं पाहत होती. "उन्हातून आलायसा."

मी म्हणालो, "नको, मला एसटी आहे."

एवढं म्हटल्याचं आठवतं.

मी डांबरी रस्त्यावर होतो. चार पाच झाले होते. पोट भरलेलं होतं. तोंडात लसणाची चव होती, आणि गालात, हिरडीच्या कडेला, चुना-तंबाखूचा बार. तळहातांना मेंढरांचा वास येत होता. शेजारी सोमेश्वर मोटारसायकलवर बसला होता, फाट्यापर्यंत सोडायला आलेला. तो माझ्या डोळ्यांत बघत नव्हता.

"आई लई दिसानं हसली," तो म्हणाला. मग किकवर पाय ठेवला. "म्हणली, त्यास्नी म्हणावं, उद्या बी या."

नाही म्हणायला मला तोंड कुठं होतं?

निवृत्त झालो त्याला आता दोन महिने झाले. केंद्रात नाही जात, वस्तीवर जातो. रोज. बायको विचारते तेव्हा सांगतो, पाय मोकळे करायला. बायडाबाई तीन वीसला घोंगडी अंथरते. मी बसतो. पुढं त्या घरात काय बोलणं होतं, कोण हसतं, मला ठाऊक नाही, आणि मी विचारत नाही. चाळीस मिनिटं माझ्याकडं लागत होती. ती देतो.

फक्त एक सांगायचं राहिलं. गेल्या सोमवारी मी रस्त्यावर आलो तेव्हा चार दहा झाले होते. परवा चार वीस. काल सूर्य खाली आला होता, मेंढरं वाडग्यात परतली होती. सोमेश्वर मोटारसायकलजवळ माझी वाट बघून कंटाळून बसला होता. मी घड्याळ पाहिलं. साडेपाच.